शनिवार-रविवारचे ज्युदो सामने : गादी, वजनकाटा आणि मुले

शनिवारी सकाळी सहाच्या सुमारास जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या क्रीडासंकुलात डोकावले तर एक वेगळेच दृश्य दिसते. पहिल्या एस.टी.ने आलेली दहा-पंधरा मुले-मुली भिंतीशी ओळीने बसलेली असतात. त्यांच्या पिशव्यांत जाड सुती कापडाचे पांढरे कोट व रंगीत पट्टे असतात. आत सभागृहात गाद्या एकमेकींना भिडवून मांडल्या जात असतात. एका बाजूच्या खोलीत वजनकाटा ठेवलेला असतो आणि सर्वांचे लक्ष त्या खोलीच्या दाराकडे लागलेले असते. वजन भरले, भाग्यपत्रिका निघाल्या की दहाच्या सुमारास पहिली लढत लागते आणि रविवारी दुपारपर्यंत एकामागून एक गट संपत जातात.

ज्युदोच्या मंडळांचे हे शनिवार-रविवारचे सामने आता शहरांपुरते राहिलेले नाहीत. शाळांतील क्रीडाशिक्षक, तालुक्याच्या ठिकाणची मंडळे आणि व्यायामशाळा यांच्यामार्फत हा खेळ लहान गावांतील मुलामुलींपर्यंत पोहोचला आहे. अशा वेळी गाद्यांसाठी जागा, सामन्यांसाठी सभागृह, मुलांना सोबत नेण्यासाठी शिक्षक अशा मागण्या मुख्याध्यापकांपुढे आणि पंचायतीपुढे येतात. मागणी मान्य करणाऱ्याला हा खेळ नेमका काय आहे, सामन्याच्या दिवशी मुलांचे काय होते आणि धोका कोठे असतो, याची माहिती असणे इष्ट आहे. ज्युदो म्हणजे कराटेचाच एक प्रकार, अशी समजूत अद्याप अनेक ठिकाणी आढळते. ती बरोबर नाही. ज्युदोत ठोसा नाही, लाथ नाही. आपल्याकडील कुस्ती जाणणाऱ्याला तो अधिक लवकर समजतो.

एका शिक्षकाने घडविलेला खेळ

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा जन्म 1860 साली जपानमध्ये झाला. अंगाने लहानखुरे असलेले कानो विद्यार्थिदशेत 1877 च्या सुमारास जुजुत्सु ही जुनी युद्धविद्या शिकू लागले. जुजुत्सुच्या निरनिराळ्या परंपरांतील डावांचा अभ्यास करून, त्यांतील जीवघेणे प्रकार सरावातून वगळून आणि उरलेल्यांना शास्त्रशुद्ध बैठक देऊन त्यांनी 1882 साली टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात आपली शाळा सुरू केली. तिचे नाव कोदोकान. आरंभी तेथे अवघ्या बारा चटयांची जागा होती आणि विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

कानो हे पेशाने शिक्षक होते. टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी दीर्घकाळ भूषविले आणि 1909 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे ते पहिले आशियाई सदस्य झाले. ‘ज्यु’ म्हणजे मृदुता आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. मृदुता म्हणजे दुबळेपणा नव्हे. रस्सीखेचीत एका पक्षाने दोर अकस्मात सैल सोडला तर दुसरा पक्ष स्वतःच्याच जोराने पाठीवर पडतो, हे आपण शाळेच्या मैदानावर पाहिलेले आहे. प्रतिस्पर्धी ढकलतो तेव्हा त्याला तसेच ढकलायचे नाही, किंचित मागे सरून त्याचा तोल त्याच्याच जोराने ढळवायचा आणि त्या क्षणी फेक करायची, हे ज्युदोचे मर्म आहे. शक्तीचा उत्तम विनियोग आणि परस्परांचे कल्याण ही दोन सूत्रे कानोंनी या खेळाला दिली. दुसरे सूत्र व्यवहारातूनच आलेले आहे. ज्याला आपण फेकतो तो सुखरूप उठला नाही तर उद्या सराव कोणाबरोबर करावयाचा?

सामन्यांची प्रथाही कोदोकानइतकीच जुनी आहे. 1884 पासून तेथे तांबड्या व पांढऱ्या अशा दोन पक्षांत लढती होऊ लागल्या. जिंकणारा गादीवर उभा राही, समोरच्या पक्षातील पुढचा गडी येई आणि हरेपर्यंत हा क्रम चाले. वजनाचे गट नव्हते. लहान चणीचा गडी धिप्पाड गड्याला कसा फेकतो, हेच तर पाहावयाचे असे.

भारताशी या खेळाचा संबंध अनेकांना वाटतो त्याहून जुना आहे. रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात 1905 साली सानो जिन्नोसुके हे जपानी शिक्षक आले. पुढे 1929 साली शिन्झो ताकागाकी हे नामवंत ज्युदोपटू तेथे दोन वर्षे शिकविण्यासाठी आले. भारतीय ज्युदो महासंघाची स्थापना 1965 साली झाली. 1986 साली सोल येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ज्युदोचा प्रथमच समावेश झाला आणि भारताने चार कांस्यपदके मिळविली. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुशीला देवी व तुलिका मान यांनी रौप्य, तर विजयकुमार यादव यांनी कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी मणिपूरच्या लिन्थोई चनाम्बम हिने सारायेव्हो येथे कुमार गटाचे जागतिक अजिंक्यपद पटकावले. 2024 साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये दृष्टिबाधित खेळाडूंच्या गटात कपिल परमार यांनी कांस्यपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील ज्युदोचे भारताचे ते पहिलेच पदक होय. दृष्टिबाधितांच्या लढतीत दोघांना एकमेकांचा कोट धरूनच उभे केले जाते आणि तेथून लढत सुरू होते. बाकी खेळ तोच. ज्या गावी अंध विद्यार्थ्यांची शाळा आहे तेथील शिक्षकांनी याची अवश्य नोंद घ्यावी.

चीतपट आणि इप्पोन

आपल्या तालमीत वाढलेल्या गड्याला ज्युदोतील अनेक डाव ओळखीचे वाटतात. धोबी कपडा आपटतो तसा प्रतिस्पर्ध्याला खांद्यावरून पुढे टाकणारा आपला धोबीपछाड ज्युदोत ‘सेओइ-नागे’ या नावाने आहे. आपल्या टांग मारण्याशी जुळणारे डावही त्यात आहेत. फरक पकडीचा आहे. मातीवरच्या कुस्तीत अंगावर लांग-लंगोटाखेरीज काही नसते. ज्युदोत जाड कोट असतो आणि त्याची बाही, गळपट्टी धरूनच डाव साधावयाचा असतो. कमरेखाली हात घालून पाय धरणे 2010 नंतरच्या नियमांनी टप्प्याटप्प्याने निषिद्ध ठरविले. त्यामुळे आपला पट काढण्यात तरबेज असलेला मुलगा ज्युदोच्या गादीवर आला की पहिले काही महिने त्याचे हात आवरावे लागतात. कोदोकानने आज 68 फेकी आणि जमिनीवरील 32 पकडी अधिकृत मानल्या आहेत.

कुस्तीत चीतपट, तसा ज्युदोत ‘इप्पोन’. प्रतिस्पर्ध्याला जोराने, वेगाने, ताब्यात ठेवून पाठीवर पाडले की इप्पोन मिळतो आणि लढत तेथेच संपते. नुसती पाठ टेकणे पुरेसे नाही, हे कुस्तीच्या प्रेक्षकाला प्रथम चमत्कारिक वाटते. फेकीत थोडी उणीव राहिली तर ‘वाझा-आरी’ दिला जातो. दोन वाझा-आरी मिळून इप्पोन होतो. त्याहून कमी प्रतीच्या फेकीला ‘युको’. हा गुण 2017 पासून बंद होता, तो 2025 पासून आंतरराष्ट्रीय नियमांत पुन्हा आला आहे. जमिनीवर प्रतिस्पर्ध्याला पाठीवर दाबून वीस सेकंद धरले तर इप्पोन, दहा सेकंदांना वाझा-आरी आणि पाच सेकंदांना युको असा हिशेब आहे. गळा आवळून किंवा कोपराचा सांधा पिळून प्रतिस्पर्ध्याला शरण आणणेही मोठ्यांच्या गटांत वैध आहे. लहान वयोगटांत हे प्रकार बहुधा वर्ज्य असतात. शरण येणारा हाताने दोनदा थाप मारतो आणि त्याच क्षणी पकड सोडावयाची असते. नियमभंगाला ‘शिदो’ ही ताकीद मिळते आणि तिसऱ्या शिदोबरोबर खेळाडू बाद होतो.

मोठ्यांची लढत चार मिनिटांची असते. लहानांची त्याहून कमी. वेळ संपून गुण समान राहिले तर पहिला गुण मिळेपर्यंत लढत चालू राहते. नियम वारंवार बदलत असल्याने प्रत्येक सामन्याचे परिपत्रक आधी नीट वाचावे. कोणते नियम लागू आहेत ते न पाहता मुलांना घेऊन जाणारे शिक्षक गादीच्या कडेला पंचांशी वाद घालताना दिसतात, आणि चूक बहुधा शिक्षकांचीच असते.

वजनगट कोठून आले

खेड्यातील जत्रेत जोड लावण्याचे काम गावातील जाणता वस्ताद करतो. तो दोन पोरांना शेजारी उभे करतो, अंगलट पाहतो आणि जोड ठरवितो. काटा नसतो, पण अदमास सहसा चुकत नाही. ज्युदोच्या पहिल्या तीन जागतिक स्पर्धा, म्हणजे 1956, 1958 आणि 1961 च्या, वजनगटांविना झाल्या. 1961 साली पॅरिसमध्ये अँटोन गीसिंक या धिप्पाड डच खेळाडूने जपानी मल्लांना मागे टाकून अजिंक्यपद मिळविले. 1964 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो प्रथम आला तो 68 किलोपर्यंत, 80 किलोपर्यंत, 80 किलोंवरील आणि खुला अशा चार गटांनिशी. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत गीसिंकने आकिओ कामिनागा यांना जमिनीवर दाबून धरले आणि जपानच्या राजधानीत सुवर्णपदक जिंकले. त्या क्षणी त्याचे देशबांधव आनंदाने गादीकडे धावले, तेव्हा गीसिंकने हात उंचावून त्यांना तेथेच थोपविले आणि आधी प्रतिस्पर्ध्याला रीतसर वंदन केले. जपानी प्रेक्षकांनी हा प्रसंग पराभवाइतकाच लक्षात ठेवला.

स्त्रियांना मात्र बरीच वाट पाहावी लागली. 1959 साली न्यूयॉर्कमधील एका स्पर्धेत रस्टी कानोकोगी ही तरुणी पुरुषांच्या संघातून खेळली व जिंकली. ती स्त्री आहे हे कळताच तिचे पदक परत घेण्यात आले. तिनेच पुढे खटपट करून 1980 साली न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा घडवून आणली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा ज्युदो पदकासाठी आला तो 1992 साली बार्सिलोना येथे.

आज आंतरराष्ट्रीय पातळीवर पुरुषांचे गट 60, 66, 73, 81, 90, 100 आणि 100 किलोंवरील असे आहेत. स्त्रियांचे 48, 52, 57, 63, 70, 78 आणि 78 किलोंवरील. शालेय वयोगटांचे गट याहून लहान व निराळे असतात. गट करण्याचा हेतू एकच होता. दुबळ्याला धिप्पाडाखाली चिरडू द्यावयाचे नाही. पण काटा आला आणि त्याबरोबर काट्याला फसविण्याची विद्याही आली.

काट्याच्या खोलीतील गोष्ट

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक अशाच एका सामन्याच्या वृत्तांतासाठी गेला असता, क्रीडासंकुलाच्या मागील मोकळ्या जागेत तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी अंगात दोन स्वेटर घालून धावताना त्याने पाहिली. वैशाखातील सकाळ होती. चौकशी करता कळले की तिचे वजन गटाच्या मर्यादेपेक्षा 700 ग्रॅम अधिक भरले होते. आदल्या दुपारपासून तिच्या पोटात अन्न नव्हते आणि रात्रीपासून पाण्याचा थेंबही नव्हता. तिला घेऊन आलेले गृहस्थ वाईट नव्हते. ‘वरच्या गटात दांडग्या मुली आहेत, ही मार खाईल,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्यांदा काट्यावर चढली तेव्हा मुलगी गटात बसली. पहिल्याच लढतीत, अर्ध्या मिनिटात, ती पाठीवर आली आणि बराच वेळ उठली नाही. डॉक्टरांनी तिला तपासून साखर-मिठाचे पाणी पाजले. इजा काही नव्हती. अंगात त्राण नव्हते.

घामावाटे गेलेले वजन म्हणजे चरबी नव्हे. ते पाणी असते. रक्तातील पाणी घटले की हृदयाला अधिक श्रम पडतात, स्नायू लवकर थकतात, अंगातील उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती मंदावते. 35 किलो वजनाच्या मुलाने 2 किलो घटविले तर ते त्याच्या वजनाच्या जवळजवळ 6 टक्के होतात. एखाद्या प्रौढाने एका रात्रीत चार किलो गमावण्यासारखे हे आहे. 1996 साली दक्षिण कोरियाचा एक अव्वल ज्युदोपटू ऑलिंपिकपूर्वी वजन घटविताना मरण पावला. 1997 साली अमेरिकेत अवघ्या पाच आठवड्यांत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर याच कारणाने दगावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत नियम बदलले. वजन लढतीच्या अगदी आधी, तास-दोन तासांत घेण्यात येऊ लागले, कोणत्या खेळाडूने किती किलोंच्या खाली उतरावयाचे नाही हे हंगामापूर्वीच ठरू लागले आणि रबरी पोशाख व बाष्पस्नान यांच्या साहाय्याने वजन उतरविण्यास बंदी झाली. आदल्या दिवशी वजन घेतले तर रात्रभरात पाणी भरून काढता येते, म्हणून घटविण्याचा मोह होतो. लढतीच्या तोंडावर घेतले तर मोहच उरत नाही. आंतरराष्ट्रीय ज्युदोत वजन आदल्या दिवशी होते, पण सामन्याच्या सकाळी काही खेळाडू सोडतीने निवडून पुन्हा काट्यावर घेतले जातात व त्यांचे वजन गटमर्यादेपेक्षा 5 टक्क्यांहून अधिक भरता कामा नये. 60 किलोंच्या गटातील खेळाडू त्या सकाळी 63 किलोंवर गेला तर बाद ठरतो.

तालुका-जिल्हा पातळीवर याहून सोपा उपाय आहे. मुलांचे वजन सामन्यापूर्वी महिनाभर दर आठवड्याला शाळेत नोंदवावे आणि त्या नोंदीवरून गट ठरवावा. वजन दोन-तीन आठवड्यांत एकदम उतरलेले दिसले तर मुलाला खेळवू नये. मुलींचे वजन स्त्री-अधिकाऱ्यांनी, बंद खोलीत घ्यावे. हा नियमही आहे आणि शिष्टाचारही. तरीही तो पाळला जात नाही अशा जागा आहेत.

सोळा जण घरी जातात

सामन्यांच्या रचनेचा विचार क्वचितच होतो. समजा एका गटात 32 मुले आहेत. बाद पद्धतीने विजेता ठरविण्यास 31 लढती लागतात. उपउपांत्य फेरीत हरलेल्यांना पुन्हा संधी देऊन दोन कांस्यपदके ठरविण्यास आणखी 4, म्हणजे एकूण 35. या व्यवस्थेत 16 मुले पहिल्याच फेरीत बाद होतात. पहाटे चारला उठून, दोन एस.टी. बदलून आलेल्या मुलाची लढत कधीकधी दहा सेकंदांत संपते आणि मग संध्याकाळच्या गाडीपर्यंत ते पोर भिंतीशी बसून राहते. अशी दोन-तीन वर्षे गेली की ते येईनासे होते.

त्याच 32 मुलांचे वजनाप्रमाणे चार-चारांचे 8 गट पाडले आणि प्रत्येक गटात साखळी पद्धतीने लढती लावल्या, तर प्रत्येक गटात 6 याप्रमाणे 48 लढती होतात आणि प्रत्येक मुलाला तीन लढती मिळतात. एका लढतीस मधल्या वेळासह पाच मिनिटे धरली तर बाद पद्धतीला एका गादीवर सुमारे तीन तास लागतात, साखळीला चार. एका तासाचा फरक आहे. शिवाय चार मुले वजनाने एकमेकांच्या जवळ असली म्हणजे झाले, मग ठराविक गटात बसण्यासाठी वजन घटविण्याचे कारणच राहत नाही. आपल्या जत्रेतील वस्तादाने काट्याविना जे साधले तेच येथे काट्याने साधावयाचे आहे. निवड चाचणी असेल तेथे बाद पद्धत अपरिहार्य ठरते. नवशिक्यांच्या सामन्यांत तिचा आग्रह धरण्याचे कारण दिसत नाही.

जपानने नुकताच याच प्रश्नाला हात घातला. तेथे 2004 पासून प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा होत असे. मार्च 2022 मध्ये अखिल जपान ज्युदो महासंघाने ती बंद केली. प्रशिक्षक लहान मुलांना वजन घटवावयास लावतात, पालक गादीच्या कडेने मुलांवर व पंचांवर ओरडतात, जिंकण्यापलीकडे काही शिल्लक राहत नाही, अशी कारणे देण्यात आली. त्या वेळी महासंघाचे अध्यक्षपद यासुहिरो यामाशिता यांच्याकडे होते. 1984 च्या ऑलिंपिकचे हे सुवर्णपदक-विजेते स्वतः सामन्यांतूनच घडलेले. अशा माणसाच्या कारकिर्दीत झालेला हा निर्णय आपल्याकडील आयोजकांनीही अभ्यासावा असा आहे. लेखकाचे मत असे की, सामने बंद करावेत अशी स्थिती आपल्याकडे नाही. आपल्याकडे मुलांना सामने कमीच मिळतात. पण ज्या रोगावर हा उपाय झाला त्याची लक्षणे आपल्या गाद्यांभोवती दिसू लागली आहेत.

पडावयास शिकणे

ज्युदोत पहिला धडा फेकण्याचा नसतो, पडण्याचा असतो. त्याला ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीशी, पाठ गोलाकार आणि हाताची गादीवर सपाट थाप, असे पडले की आघात साऱ्या अंगावर विभागला जातो आणि डोके टेकत नाही. सायकलवरून पडलेल्या ज्युदोच्या मुलाला खरचटते, पण डोके फुटत नाही, असे पालक सांगतात. हा धडा पुरता मुरण्यास काही महिने जातात. तो न मुरताच सामन्यात उतरविलेले मूल धोक्यात असते.

या धोक्याची किंमत जपानने मोजली आहे. 1983 पासूनच्या सुमारे तीन दशकांत तेथील शाळांतील ज्युदोत शंभरहून अधिक विद्यार्थी मरण पावले. याबद्दल फारशी वाच्यता होत नसे. मृत मुलांच्या पालकांनी 2010 साली संघटना स्थापन केली आणि अभ्यासकांनी नोंदी तपासल्या. मृतांत नुकतेच शिकू लागलेले बरेच होते. कारण बहुधा मेंदूच्या आवरणाखाली झालेला रक्तस्राव हे होते आणि प्रतिस्पर्ध्याचा पाय मागून काढून त्याला मागे पाडणारी ‘ओसोतो-गारी’ ही फेक अनेकदा निमित्त ठरली होती. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. डोके गादीवर आपटले नाही तरी मान जोराने हिसडली गेल्यास मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्या तुटू शकतात. जाड गादीने हा धोका टळत नाही. पडण्याचा सराव, जोडीदाराची योग्य निवड आणि डोके दुखते असे म्हणणाऱ्या मुलाला त्याच क्षणी थांबविणे, यांनीच तो टळतो. 2012 पासून जपानच्या माध्यमिक शाळांत युद्धकलांचे शिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा ही चर्चा ऐरणीवर आली होती. प्रशिक्षकांना सूचना गेल्या, नवशिक्यांना काही फेकी शिकविणे पुढे ढकलले गेले आणि मृत्यूंचे प्रमाण घटले.

म्हणून सामन्याच्या ठिकाणी डॉक्टर असल्याखेरीज पहिली लढत लावू नये, आणि मूल पुढे खेळेल की नाही याबाबत त्यांचा शब्द अखेरचा मानावा. डोक्याला मार लागलेले, क्षणभर भान हरपलेले, ओकारी झालेले किंवा गोंधळून बोलणारे मूल त्या दिवशी पुन्हा गादीवर जाता कामा नये, मग ते अंतिम फेरीत का असेना. नखे कापलेली, अंगावर कडे-डूल काही नाही, कातडीवर नायटा नाही, हे पाहण्याचे काम वजनाच्या वेळीच उरकते.

गादीचा हिशेब पंचायत सदस्यांच्या उपयोगाचा आहे. लढतीची जागा किमान 8 मीटर लांब-रुंद आणि तिच्या चारी बाजूंना 3 मीटरचा सुरक्षित पट्टा धरला तर 14 मीटर लांब-रुंद, म्हणजे 196 चौरस मीटर गादी लागते. एक मीटर रुंद व दोन मीटर लांब अशा 98 गाद्या झाल्या. एका मंडळाने एवढ्या घेणे अवघड असते. सरावाला याच्या चौथाईतही भागते. जवळच्या चार शाळांनी प्रत्येकी पंचवीस गाद्या एकाच मापाच्या व एकाच जाडीच्या घेतल्या तर सामन्याच्या दिवशी त्या एकत्र करून पूर्ण मैदान तयार होते. एकाच जाडीच्या हे महत्त्वाचे. दोन गाद्यांच्या सांध्यात अर्ध्या बोटाचा उंचवटा राहिला तरी पायाचे बोट मोडते. सुरक्षित पट्ट्यात जागा वाचविण्यासाठी खुर्च्या मांडण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. प्रमुख पाहुण्यांच्या खुर्च्याही तेथून हलवाव्यात.

प्रशिक्षकाला गादीच्या कडेला खुर्ची असते. पंचाने ‘मात्ते’ म्हणून लढत थांबविली असेल तेवढ्याच वेळात त्याने बोलावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लढत चालू असता गप्प बसावयाचे. मोठ्या माणसांना हा नियम मुलांहून जड जातो.

दोन स्वेटर घालून धावणारी ती मुलगी पुढच्या वर्षी लेखकास त्याच सभागृहात पुन्हा दिसली. या वेळी ती वरच्या गटात होती आणि तिने सकाळी पोहे खाल्लेले होते. आयोजकांनी नवशिक्यांसाठी चार-चारांचे गट केले होते. पहिली लढत ती हरली, दुसरीही हरली. तिसरीत तिने आपल्याहून वीतभर उंच मुलीला खांद्यावरून टाकले. पंचाचा हात सरळ वर गेला. दोघींनी एकमेकींना वंदन केले, आणि मग त्या दोघी गादीच्या कडेला बसून एकाच डब्यातील भाकरी खात होत्या.